उजव्या हाताचा मधुमेह

भाईंदरच्या गोडदेव भागातल्या त्या लग्नाच्या हॉलबाहेर दर रविवारी सकाळी सात वाजता चपलांचा ढीग पडायचा, आणि त्या सगळ्या चपला पुरुषांच्या असायच्या. दारावर भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर भगव्या कपड्यातले एक गुटगुटीत गृहस्थ आशीर्वाद देत होते आणि खाली लिहिलं होतं: 'मधुनाथ महाराजांचे मधुमेहमुक्ती दर्शन. चालणे नको, पथ्य नको, गोळी नको. उपाशीपोटी यावे. फक्त पुरुषांसाठी.'

दोन हजार सहाच्या जानेवारीत मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा शिरलो. मनात भक्ती नव्हती, मी माझी माणसं परत मागायला गेलो होतो. मी दशरथ पेडणेकर, शाळेत पी.टी. शिकवतो. रोज सकाळी सहाला सिल्व्हर पार्कजवळच्या मैदानावर मी अकरा पुरुषांना चालवायचो. सगळे पंचेचाळीसच्या पुढचे, सगळ्यांना शुगर नाहीतर प्रेशर, आणि सगळ्यांचं पोट त्यांच्या दोन पावलं पुढे चालायचं. मी त्या ग्रुपला नाव दिलं होतं 'ढेरी हटाव मंडळ'. शिट्टी वाजवून मी त्यांना हाकायचो. जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत अकरातले दहा महाराजांकडे गेले. उरले ते पोस्टात काम करणारे, मूळचे नांदेडचे कोंडिराम खंदारे. त्या रविवारी ते माझ्याबरोबर हॉलमध्ये आले.

आत चारशे माणसं असतील, आणि एकही पंखा चालू नव्हता.

"वाऱ्याने मंत्र उडतो," शेजारच्या माणसाने मला समजावलं.

महाराज स्टेजवर आले. आवाज खर्जातला, भाषा मराठी आणि हिंदीच्या मधली.

"भक्तहो, घाम कौन गाळतो? बैल. तुम्ही बैल आहात का?"

"नाही," हॉल म्हणाला.

"पथ्य कोण करतो? बीमार माणूस. तुम्ही बीमार आहात का?"

इथे हॉलचा गोंधळ उडाला. अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही म्हणाले. महाराज मंद हसले. "होता. आजपासून नाही."

मग त्यांनी पहिलं नाव पुकारलं. माझ्या मंडळातले, माझ्याच बिल्डिंगमधले काशीनाथ साटम स्टेजवर चढत होते.

काशीनाथ फोर्टमधल्या एका शिपिंग कंपनीत कामाला. सरळ माणूस, कधी कुणाशी खोटं बोलला नसेल. सात वर्षांपासून डायबेटिस. गोळ्या वेळेवर घ्यायचे, पाऊस असो थंडी असो चालायला यायचे, तरी त्यांची साखर काही खाली येत नव्हती. त्याचं कारण खरं तर मला ठाऊक होतं, पण मी ते कधी बोललो नव्हतो. चालणं संपलं की आमचं मंडळ कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर जायचं. तासभर चालून जे काही जळत असेल ते आम्ही दहा मिनिटांत चटणी लावून परत भरायचो. मी पण खायचो. मी तर दोन खायचो.

स्टेजवर सेवकाने काशीनाथांच्या उजव्या हातात खडीसाखरेचे चार-पाच खडे दिले. "मूठ घट्ट बंद करा आणि एकशे आठ वेळा नाम घ्या. शरीरातला मधु मुठीकडे येऊ द्या."

काशीनाथांनी डोळे मिटले. हॉलमध्ये उकाडा असा, की बसल्या जागी आमचे शर्ट पाठीला चिकटले होते. नाम संपलं. सेवकाने खडे एका तांब्याच्या भांड्यात टाकायला लावले, मूठ कापसाने पुसल्यासारखी केली, बोटाला नवी सुई टोचली आणि रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावला.

"रोगदर्शन," महाराज म्हणाले. "तीनशे एकोणनव्वद."

हॉलभर चुकचुकाट झाला. काशीनाथांचा चेहरा उतरला.

मग महाराजांनी त्यांचा हात कडुनिंबाचा पाला टाकलेल्या पाण्यात बुडवला, स्वतःच्या दोन्ही हातांनी चोळून चोळून धुतला, पंच्याने कोरडा केला आणि मनगटात एक तांब्याचं कडं घातलं. पुन्हा सुई, पुन्हा थेंब.

"रोगहरण. एकशे एकाहत्तर."

पाच मिनिटांत दोनशेच्या वर साखर उतरली होती. चारशे माणसं उभी राहिली. कुणी रडत होतं. सेवकाने ते तांब्याचं भांडं उंच धरलं, त्यात म्हणे काशीनाथांचा रोग होता.

"उरलेला रोग कडं ओढून घेईल," महाराज म्हणाले. "एक लक्षात ठेवा. कडं घातल्यावर पुन्हा मोजायचं नाही. मोजणं म्हणजे अविश्वास. अविश्वास आला की कडं गप्प."

बाहेर आल्यावर कोंडिराम म्हणाले, "सर, ह्यात काहीतरी गडबड हाय."

"काय?"

"ते कळलं असतं तर आतच बोललो नसतो का."

मलाही कळलं नव्हतं. मशीन खरं दिसत होतं. सुई खरी, रक्त खरं, आकडे सगळ्यांसमोर. मी घरी येऊन दोन तास विचार केला आणि शेवटी बायकोने आणलेली जिलेबी खाऊन गप्प बसलो.

पुढच्या सहा आठवड्यांत काशीनाथ बदलले. गोळ्या बंद. चालणं बंद. सकाळी जिलेबी-फाफडा, दुपारी डब्यात भात आणि वर गोड काहीतरी, कारण महाराजांनी सांगितलं होतं की गोडाला घाबरलं की गोड चावतं. आणि गंमत अशी की ते बारीक झाले. पँट ढिली झाली, पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक जण म्हणायचा, "क्या बात है साटमसाहेब, एकदम स्लिम." महाराजांनी त्यांना सेवक केलं. रविवारी स्टेजवर उभं करून त्यांचं पोट दाखवायचे, म्हणजे नसलेलं पोट. त्यांना पाहून रांगा वाढल्या.

शैलावहिनी मात्र खूश नव्हत्या. एकदा जिन्यात थांबवून मला म्हणाल्या, "भाऊजी, हे घटाघटा पाणी पितात. बाटली संपली की दुसरी. रात्री चारदा उठतात. संध्याकाळी ऑफिसातून आले की सोफ्यावर बसल्या बसल्या झोपतात. हे बरं होण्याचं लक्षण आहे का?"

"डॉक्टरांना दाखवा."

"नाव काढलं तरी बोलणं बंद करतात. निशिगंधाने लॅबमधून मशीन आणलंय, तिलाही बोट देत नाहीत."

निशिगंधा त्यांची मुलगी. भाईंदरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर अनोळखी माणसांची रक्तं तपासायची आणि घरी स्वतःच्या बापाचं बोट तिला मिळत नव्हतं.

होळीच्या दिवशी दुपारी मी साटमांकडे गेलो. काशीनाथ ऑफिसात होते. स्वयंपाकघरात वहिनी पुरण वाटत होत्या, निशिगंधा सकाळची ड्यूटी संपवून आली होती आणि टेबलावर ते मशीन पडलेलं होतं. सकाळीच त्यावरून बापलेकीचं वाजलं होतं.

"पप्पांनी नाही तर नाही," वहिनी वैतागून म्हणाल्या. "माझी तरी बघ. आणलंस एवढं तर." पदराला हात पुसून त्यांनी बोट पुढे केलं.

निशिगंधाने सुई टोचली. मशीनने पाच सेकंद घेतले आणि आकडा दाखवला: तीनशे सत्त्याण्णव.

वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "म्हणजे मलापण?"

निशिगंधा आकड्याकडे पाहत राहिली, मग आईच्या हाताकडे. "आई, हात धुतलास?"

"पुसला की पदराला."

"पुसला नाही, धुतलास का? साबण लावून धू. नीट कोरडा कर."

वहिनींनी धुतला. दुसरं बोट, नवी सुई. एकशे एक.

निशिगंधाने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"पुरण," निशिगंधा म्हणाली. "बोटाला गूळ होता. रक्ताचा थेंब केवढा, मोहरीएवढा. त्याला बोटावरचा कणभर गोडवा लागला की मशीन बिचारं तेही मोजतं. त्याला काय कळतंय रक्तातलं कुठलं आणि पुरणातलं कुठलं. आम्हाला लॅबमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात." मग ती माझ्याकडे वळली. "काका, त्या हॉलमध्ये पप्पांचं पहिल्यांदा मोजलं तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?"

मी एकेक आठवू लागलो. खडीसाखर. बंद मूठ. बंद पंखे. एकशे आठ वेळा नाम, म्हणजे मुठीला चांगला घाम सुटेपर्यंत. कापसाचा एक फटकारा. आणि मग चोळून चोळून धुतलेला हात.

"धुतल्यावर जो आकडा आला तोच पप्पांचा खरा आकडा होता," निशिगंधा म्हणाली. "आधीही तोच होता. काहीच उतरलं नव्हतं. आणि उपाशीपोटी बोलावतात, म्हणजे दुसरा आकडा फार वाईट दिसायला नको."

आम्ही तिथेच करून पाहिलं. मी उजव्या मुठीत खडीसाखर धरली. नाम म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हटला, तो मला तसाही अर्धाच येतो. दहा मिनिटांनी उजव्या बोटाचं रक्त: चारशे बारा. त्याच क्षणी डाव्या बोटाचं: चौऱ्याण्णव.

वहिनी हसायला लागल्या. त्या इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा हसत होत्या. "म्हणजे भाऊजी, तुमच्या उजव्या हाताला मधुमेह आहे, डावा ठणठणीत."

काशीनाथांना घरी सांगून उपयोग नव्हता. त्यांनी ऐकूनच घेतलं नसतं. म्हणून पुढच्या रविवारी मी, निशिगंधा आणि कोंडिराम हॉलमध्ये गेलो. निशिगंधा त्या गर्दीतली एकटी बाई. दारावर तिला अडवलं तेव्हा ती म्हणाली, "काशीनाथ साटमांची मुलगी आहे," आणि सेवकांनी नमस्कार करून तिला पुढे बसवलं.

नाव पुकारायच्या आधीच मी हात वर केला. पी.टी.च्या मास्तराचा आवाज चारशे माणसांत दबत नाही. महाराजांनी मला वर बोलावलं. मी खडीसाखर घेतली, डोळे मिटले, नाम घेतलं, घाम गाळला.

"रोगदर्शन. चारशे अठरा. बापरे," महाराज म्हणाले. "मास्तर, आप तो गये थे."

हॉल हळहळला.

"महाराज, एक शंका आहे," मी म्हणालो. "हा उजवा हात झाला. डाव्याचंही बघता का?"

सेवकाने मशीन मागे घेतलं. "उजवाच असतो. डावा हात अशुद्ध."

"आमच्याकडे मशीन आहे," निशिगंधा उभी राहून म्हणाली.

दोन सेवक तिच्याकडे निघाले. आणि मग जे घडलं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. स्टेजच्या कडेला उभे असलेले काशीनाथ पुढे आले. अंगावर भगवा शेला, मनगटात कडं, गालफडं बसलेली.

"येऊ द्या तिला," ते सेवकांना म्हणाले. "माझी मुलगी आहे. बघू दे की. महाराजांना कशाची भीती?"

खरी श्रद्धा होती हो त्या माणसाची. त्याला मनापासून वाटत होतं की आता चमत्कार आणखी उजळून निघेल. चारशे माणसांसमोर महाराजांना नाही म्हणता आलं नाही.

निशिगंधाने माझ्या डाव्या बोटाचं रक्त घेतलं, मशीन काशीनाथांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही वाचा."

काशीनाथांनी चष्मा वर केला. "शहाण्णव." त्यांनी पुन्हा पाहिलं. "शहाण्णव?"

"मंत्राचा प्रभाव," महाराज घाईने म्हणाले. "सारा रोग उजवीकडे खेचला गेला. डावा अंग शुद्ध झाला."

मागून कोंडिरामांचा आवाज आला, शांत, टपालाच्या खिडकीत बोलावा तसा. "म्हाराज, रगत तर एकच हाय ना? का मधी पार्टिशन टाकलंय?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळा हॉल. महाराजांनी हात वर करून शांत करायचा प्रयत्न केला, पण हसणाऱ्या माणसाला मंत्र लागत नाही. मी तेवढ्यात कोपऱ्यातल्या नळावर उजवा हात साध्या पाण्याने आणि साबणाने धुतला आणि परत आलो. ना कडुनिंब, ना कडं. पंच्याण्णव. निशिगंधाने मुठीतल्या साखरेचं गुपित चार वाक्यांत सांगितलं. 

"पण मी बारीक झालो," काशीनाथ म्हणाले. ते तिला नाही, हॉलला समजावत होते. "सगळ्यांनी पाहिलंय. माझं बघ. दोन्ही हात बघ."

त्यांनी नळावर जाऊन स्वतः दोन्ही हात धुतले. लेकीसमोर दोन्ही पंजे पसरले. उजवा: तीनशे सेहेचाळीस. डावा: तीनशे एकावन्न.

काशीनाथांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं.

"मशीन बिघडलंय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही पप्पा. शरीराला साखर वापरता येत नाहीये, म्हणून ते स्वतःचं मांस आणि चरबी जाळतंय. म्हणून तुम्ही बारीक झालात. म्हणून तहान लागते. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊया."

काशीनाथ स्टेजच्या पायरीवर बसले. त्यांनी मनगट लेकीपुढे केलं. निशिगंधाने कडं काढलं. महाराजांनी 'जागा अशुद्ध झाली' असं जाहीर केलं आणि मागच्या दाराने निघून गेले. आम्ही पोलिसांत रीतसर लेखी तक्रार केली. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हाच कायद्याने गुन्हा आहे, हे त्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी काशीनाथांना काही आठवडे इन्सुलिन दिलं, मग पुन्हा गोळ्या. "आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर बेशुद्धावस्थेत आणावं लागलं असतं," ते म्हणाले.

काशीनाथ सावरल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. मनात जरा विजयाची गुर्मी होती, खोटं कशाला सांगू. त्यांनी चहा मागवला, बिनसाखरेचा, आणि म्हणाले, "सर, मला अक्कल नव्हती असं समजू नका. सात वर्षं मी तुमचं ऐकलं, डॉक्टरांचं ऐकलं. आकडा हलत नव्हता. तुम्ही शिट्टी वाजवून आम्हाला ढेरी म्हणायचात. डॉक्टर रिपोर्ट बघून मान हलवायचे. त्या माणसाने पहिल्यांदा माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, तुझी चूक नाही. मला तेच ऐकायचं होतं."

 मी चहा पिऊन उठलो आणि घरी येऊन शिट्टी कपाटात ठेवली.

मंडळ पुन्हा सुरू झालं. नाव बदललं, म्हणजे नाव ठेवलंच नाही. चालण्याबरोबर आता बैठका घालतो, पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन उचलतो, ऑफिसवाले निदान तीन मजले लिफ्ट सोडून जिन्याने चढतात. वडापावच्या गाडीच्या आधीच वळायचं असा ठराव झाला आणि तो मी सर्वांत जास्त वेळा मोडला. खाण्याचा भाग शैलावहिनींनी हाती घेतला. अकरा जणांच्या बायकांना बोलावून नव्हे, अकरा पुरुषांनाच बोलावून. अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-मुळा, पाव ताटात उसळ, डाळ, नाहीतर रश्श्यातली मांदेली मासळी, उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, दोन्ही एकदम नाही. "तुमच्या बायकांना नका सांगू," त्या म्हणाल्या. "ताट तुमच्यासमोर असतं, हात तुमचा असतो."

पहिल्या महिन्यात कोंडिरामांचं वजन पाव किलोसुद्धा उतरलं नाही, आणि ते रोज सगळ्यांना ते सांगायचे. दुसऱ्या महिन्यात त्यांचं प्रेशर जरा खाली आलं. चार महिन्यांनी काशीनाथांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी केली, ती साडेअकरा टक्क्यांवरून साडेसातवर आली होती. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. एकच. बाकीच्या चालू आहेत, आणि कदाचित कायम राहतील. आम्ही त्याला चमत्कार म्हणत नाही. नुसतं चालून जे झालं नव्हतं आणि नुसत्या गोळीने जे झालं नव्हतं, ते चालणं, ताट आणि गोळी एकत्र आल्यावर थोडंथोडं झालं, एवढंच.

परवा जवळच्या पेणकरपाड्यातून काही जण काशीनाथांना बोलवायला आले होते. तिकडे म्हणे कुणी गुडघे बरे करणारे महाराज आलेत. काशीनाथ गेले. मी मागे बसून ऐकलं. ते म्हणाले, "कुणी आकडा दाखवला तर कसा मोजला ते विचारा. पुन्हा मोजू देत नसेल तर तिथून उठा. आणि कुणी सांगितलं की तुम्हाला काहीच करायला नको, तर ते ऐकून किती बरं वाटतंय याची आधी भीती वाटून घ्या."

याहून वेगळं मला काही सांगायचं नाही. शंका विचारल्याने कुणाचा देव रागावत नाही, आणि रागावत असेल तर तो देव नाही, दुकानदार आहे. आपलं शरीर आपल्यालाच चालवावं लागतं. दुसरं कुणीतरी चाललं आणि आपली साखर उतरली, असा एकही माणूस माझ्या अजून पाहण्यात नाही.